रचना आणि कर्ता : शिबल्याच्या पाषाणस्तंभांच्या निमित्ताने

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पारडी शिवारात, २०२१ साली रस्त्याच्या कामात जमिनीखालून दगडी खांब उघडे पडले. काळ्या पाषाणाचे हे खांब एकमेकांना खेटून बसलेले आहेत. बाजू सपाट, कडा सरळ, माथा बहुकोनी. हेमाडपंती देवळांच्या या मुलखात असा खांब दिसला की पहिला तर्क गाडल्या गेलेल्या मंदिराचा होतो, आणि तो तर्क गैर म्हणता येत नाही. मापात बसणारे, ओळीने लागलेले दगड माणसाने आजवर माणसाच्याच हातून घडताना पाहिले आहेत. भूशास्त्राने मात्र या खांबांची ओळख वेगळी दिली. हा स्तंभाकार बेसाल्ट आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा निवताना आपोआप असा भेगाळला. त्यावर कोणाची टाकी चालली नाही, कोणी सूत धरले नाही.

‘आपोआप’ हा शब्द बोलायला सोपा आणि समजायला अवघड आहे. रचना दिसली की रचणारा मानावाच लागतो का, हा भारतीय दर्शनांतला फार जुना प्रश्न त्याच शब्दात दडलेला आहे. नैयायिकांनी याचे उत्तर होकारार्थी दिले. सांख्य, मीमांसक, बौद्ध, जैन आणि चार्वाक यांनी आपापल्या कारणांनी ते नाकारले. वेदान्त्यांनी या वादात स्वतःची वेगळी जागा घेतली. या वादात घडा, रथ, राजवाडा, अंकुर, दूध, वारूळ असे दृष्टान्त वारंवार येतात. दगडही येतो, पण बहुधा ज्याच्यात काही रचना नाही अशी वस्तू म्हणून. शिबल्याचा दगड त्या समजुतीला छेद देतो, म्हणून या प्रश्नाच्या विचारात त्याला स्थान आहे.

खडक आला कसा

ज्वालामुखी म्हटले की एकटा उभा शंकूसारखा डोंगर डोळ्यांसमोर येतो. पृथ्वीवर पुष्कळ ठिकाणी ज्वालामुखी असे एकटे नसतात, त्यांचे समूह असतात. मेक्सिकोतल्या मिचोआकान-ग्वानाह्वातो क्षेत्रात हजाराहून जास्त लहान शंकू विखुरलेले आहेत. न्यूझीलंडमधले ऑकलंड शहर पन्नासाहून अधिक लहान ज्वालामुखींच्या अंगाखांद्यावर वसले आहे. अशा क्षेत्रातला प्रत्येक शंकू बहुधा एकदाच पेटतो आणि कायमचा विझतो. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मिचोआकानमध्ये एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुतिन जन्माला आला. वर्षभरात तो तीनशे मीटरच्या वर वाढला, १९५२ मध्ये थांबला, आणि पुन्हा जागा झालेला नाही.

समूह का होतो, याचे कारण शिलारसाच्या पुरवठ्यात आहे. खालून येणारा शिलारस भरपूर आणि सतत असेल तर त्याची वाट गरम राहते. पुढचा शिलारस त्याच वाटेने वर येतो आणि एकाच जागी थरावर थर चढून मोठा डोंगर उभा राहतो. पुरवठा थोडा आणि खंडित असेल तर वाट मधल्या काळात निवून बुजते. पुढच्या खेपेच्या शिलारसाला नवी वाट शोधावी लागते, आणि शेजारी दुसरा शंकू उभा राहतो. या वाटा कवचातल्या जुन्या भेगांना धरून असतात, म्हणून पुष्कळदा शंकू एका रेषेत येतात. वरून पाहणाऱ्याला ही रेष कोणी आखल्यासारखी वाटते; आखणी खालच्या भेगेची असते.

पुरवठा अफाट झाला तर तिसरा प्रकार घडतो. तेव्हा भेग लांबच लांब उघडते आणि लाव्हा पुरासारखा पसरतो. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेवर शंभरावर विवरांची रांग पेटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. दख्खनचे पठार याच प्रकारातून, पण त्याहून कितीतरी पटींनी मोठ्या प्रमाणावर घडले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात नाशिक, धुळे, नंदुरबार, पुणे आणि कोकण या पट्ट्यांतल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला. त्या भेगांत थिजून राहिलेले खडक आज भिंतींसारखे उभे दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाखाली आहे. सह्याद्रीत थरांची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते.

यवतमाळ जिल्हा या पठाराच्या पूर्व कडेवर आहे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात बेसाल्ट आहे, आणि वणी-मुकुटबनकडे त्या थरांखालचे जुने खडक वर येतात : मुकुटबन परिसरात चुनखडी, वणीभोवती कोळसा. यवतमाळात विहीर खोदताना ही कहाणी वरून खाली वाचता येते. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि काही ठिकाणी दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. तो पट्टा म्हणजे दोन पुरांमधला शांततेचा काळ. पहिला थर निवला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावरून गेला.

खांब झाले कसे

लाव्हा बाहेर येताना अकराशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो थिजला तरी तप्तच असतो, आणि आणखी निवताना आकसतो. आडवे आकसायला त्याला जागा नसते, कारण चारही बाजूंना तोच खडक तसाच आकसू पाहत असतो. ताण वाढतो आणि खडक तडकतो. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रयोगाने दाखवले की ही तडकण्याची क्रिया सुमारे ८४० ते ८९० अंश सेल्सिअसला घडते, म्हणजे खडक घट्ट झाल्यानंतर, पण अजून लालबुंद असताना.

तडा पृष्ठभागावर सुरू होतो आणि थंडावा जसजसा आत शिरतो तसतसा त्याच्या मागोमाग सरकतो. थंडावा बहुधा वरून खाली आणि खालून वर जातो, म्हणून खांब उभे होतात. ताण कमीत कमी तड्यांत मोकळा व्हायचा असेल तर तीन तडे एका बिंदूत सारख्या कोनाने मिळणे सोयीचे असते. तीन सारखे कोन म्हणजे प्रत्येकी १२० अंश, आणि असे बिंदू सगळीकडे जुळले की षट्कोनांची जाळी होते. प्रत्यक्षात सगळे खांब सहा अंगांचे नसतात. पाच अंगांचे पुष्कळ असतात, चार आणि सात अंगांचेही सापडतात. थंडावा सावकाश शिरला तर खांब जाड होतात, झपाट्याने शिरला तर बारीक.

यवतमाळच्या शेतकऱ्याला याचे सख्खे भावंड दर उन्हाळ्यात दिसते. वैशाखात काळी जमीन वाळते, आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्यांदा भेगाळताना एक भेग दुसरीला काटकोनात जाऊन मिळते. तीच माती पुन्हा पुन्हा ओली होऊन वाळत राहिली तर जोड हळूहळू तीन समान कोनांकडे झुकतात. लाव्हातही तसेच होते. पृष्ठभागाजवळ भेगा वेड्यावाकड्या असतात, खोल गेल्यावर त्यांना शिस्त येते. स्वयंपाकघरातही हे पाहता येते. कॉर्नफ्लोअरमध्ये पाणी घालून त्याचा जाड थर भांड्यात दिव्याच्या उबेला काही दिवस वाळू दिला आणि मग तो मोडून पाहिला, तर आत पेन्सिलीसारखे बहुकोनी खांब दाटीने उभे दिसतात. मोठ्या खडकाचा कायदा वाटीभर पिठातही चालतो.

स्तंभाकार बेसाल्टच्या बाजूला डोळे अगदी जवळ नेले की आणखी एक खूण दिसते. बाजूवर आडवे पट्टे असतात, एकाखाली एक, जवळजवळ सारख्या अंतराने. तडा सलग खाली जात नाही. तो थोडा सरकतो, थांबतो, खालचा भाग पुरेसा निवला की पुन्हा सरकतो. प्रत्येक टप्पा एक पट्टा मागे ठेवतो. दगडकामाची सवय असलेल्या डोळ्याला हे पट्टे टाकीचे घाव वाटावेत इतके ते घडीव कामाशी जुळतात. रचनेवरून कर्ता ओळखू पाहणाऱ्या अनुमानाची सर्वांत कठीण परीक्षा याच पट्ट्यांपाशी होते.

कार्य आणि कर्ता

कर्त्याचे अनुमान सर्वांत नेटकेपणे नैयायिकांनी मांडले. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथाचा विषयच ईश्वरसिद्धी आहे, आणि त्यातल्या युक्तिवादांच्या मालिकेत पहिला मान ‘कार्य’ या हेतूला आहे. युक्तिवाद असा : घडा कार्य आहे आणि त्याला कर्ता आहे, पृथ्वी, अंकुर इत्यादीही अवयवांचे बनलेले, म्हणून कार्य आहेत, तेव्हा त्यांनाही कर्ता असला पाहिजे. कर्ता म्हणजे कोण, हेही न्यायशास्त्र काटेकोरपणे सांगते. ज्या द्रव्यातून वस्तू घडायची त्या द्रव्याचे प्रत्यक्ष ज्ञान, ती घडवण्याची इच्छा आणि त्यासाठीचा प्रयत्न, ही तिन्ही ज्याच्या ठायी आहेत तो कर्ता. परमाणूंचे प्रत्यक्ष ज्ञान माणसाला नाही. ते ज्याला आहे तो ईश्वर.

हा युक्तिवाद दुबळा नाही. रानात उगवलेल्या गवताला कोणी कर्ता दिसत नाही, असा आक्षेप घेतला तर नैयायिकाचे उत्तर तयार असते. ज्यांचा कर्ता दिसत नाही अशा सगळ्याच वस्तू वादाच्या कक्षेत, म्हणजे ‘पक्षा’त, आहेत. जे सिद्ध करायचे आहे त्याचाच भाग प्रतिउदाहरण म्हणून वापरता येत नाही. या न्यायाने शिबल्याचे खांबही पक्षातच जातील. पण या उत्तराची किंमत मोठी आहे. कर्ता नसलेली कोणतीही वस्तू दाखवली तरी ती पक्षात ढकलली जाणार असेल, तर ‘जे जे कार्य ते ते सकर्तृक’ या व्याप्तीची, म्हणजे अटळ साहचर्याच्या नियमाची, परीक्षा कधीच होऊ शकत नाही. धूर आणि अग्नी यांच्या व्याप्तीचे बळ हेच आहे की अग्नी नसलेला डोह तपासता येतो आणि तिथे धूर नाही हे पाहता येते.

घड्याच्या दृष्टान्तातही एक बारकावा आहे. कुंभार घड्याला आकार देतो. त्याचा पक्केपणा आणि तांबडा रंग आव्यातली आग देते. आगीने होणाऱ्या या बदलाला न्याय-वैशेषिकांनी ‘पाकज’ असे नाव देऊन त्याचा सविस्तर विचार केला आहे. म्हणजे घड्याची गोष्ट पूर्ण सांगायची तर तिच्यात दोन कारागीर आहेत, एक जाणता आणि एक अजाण. आग कोणत्या कणाचे काय करायचे हे जाणत नाही, तरी तिचे काम दर खेपेला सारखे उतरते. शिबल्यात केवळ हा दुसरा कारागीर आहे, आणि आकारही त्यानेच, निवता निवता, दिला आहे.

दूध, काटा आणि वारूळ

अजाण द्रव्यातून व्यवस्था उभी राहते, हे सांख्यांचे मूळ प्रतिपादन. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त दुधाचा दृष्टान्त आहे. वासराच्या वाढीसाठी गाईचे दूध पान्हावते, पण दुधाला वासराची जाणीव नसते; तशी अचेतन प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी प्रवृत्त होते. महाराष्ट्रात या विचाराचा आधुनिक परिचय लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तून (१९१५) झाला. त्यांनी कापिल सांख्याची मांडणी करताना जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल याच्या उत्क्रांतिविचाराशी तिची तुलना केली. स्वभाववादी याहून पुढे गेले. काट्याचे टोक कोणी तासले नाही आणि मोराचा पिसारा कोणी रंगवला नाही. वस्तूचा स्वभावच तसा, एवढ्यावर ते थांबतात.

सर्वांत भेदक दृष्टान्त सातव्या शतकातल्या बौद्ध आचार्य धर्मकीर्तीचा आहे. ‘प्रमाणवार्त्तिका’त तो वारूळ पुढे ठेवतो. घडा मातीचा विकार आहे आणि कुंभाराने केला आहे. वारूळही मातीचाच विकार आहे. मग तेही कुंभाराने केले असे म्हणायचे का? दोन गोष्टींना एकच शब्द लावता येतो म्हणून त्यांचे कारण एक ठरत नाही. ज्या विशिष्ट प्रकारची घडण कर्त्याच्या असण्या-नसण्याबरोबर येते-जाते असे पाहिले आहे, त्याच प्रकारच्या घडणीवरून कर्त्याचे अनुमान करता येते. ‘रचना’ हा शब्द सैल आहे. त्याच्या बळावर देवळापासून डोंगरापर्यंत उडी मारता येत नाही.

ही कसोटी किती कामाची आहे ते वेरूळला कळते. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, दख्खनच्या याच बेसाल्टमध्ये कोरले गेले. तिथे कर्त्याचे अनुमान निःशंक आहे. त्याचा आधार दगडाचा नेमकेपणा हा नाही. नेमकेपणा शिबल्यातही आहे. आधार असा की हत्तींची रांग, रामायणाचे प्रसंग, गर्भगृहाकडे नेणाऱ्या पायऱ्या हे सारे माणसाच्या स्मृती, कथा आणि पूजाविधी यांच्याशी बांधलेले असते, आणि अशी घडण माणसाखेरीज कुठे होताना दिसलेली नाही. शिबल्याचा खांब एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, की खडक निवला आणि आकसला. एकाच पाषाणातल्या दोन रचना शेजारी ठेवल्या की नियमितपणा आणि अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट होते. पहिलीवरून दुसरी आपोआप निघत नाही.

बाजूला ठेवलेला दगड

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाचा आरंभच सांख्यांच्या खंडनाने होतो, आणि त्यातला पहिला मुद्दा रचनेचा आहे. आद्य शंकराचार्यांचे म्हणणे असे की घरे, राजवाडे, शय्या, उद्याने या सोयीच्या वस्तू बुद्धिमान कारागीर घडवतात. मग कुशल कारागिरांनाही कल्पिता येणार नाही असे हे जग अचेतन प्रधान, म्हणजे सांख्यांची प्रकृती, कसे रचील? ढेकळे, दगड अशा जड वस्तूंच्या ठिकाणी तर असे सामर्थ्य दिसत नाही. त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ सालच्या ‘नॅचरल थिऑलॉजी’त तसाच प्रारंभ केला. माळावर पायाला दगड लागला तर तो तिथे का आहे याची चौकशी करण्याचे कारण वाटत नाही. घड्याळ सापडले तर मात्र घड्याळजी मानावाच लागतो.

दोन वेगळ्या परंपरांतल्या या दोन विचारवंतांनी दगड बाजूला ठेवला, कारण त्यांच्या नजरेसमोरचा दगड म्हणजे ढेकळासारखा, रूप नसलेला तुकडा होता. स्तंभाकार बेसाल्ट या वर्गीकरणात बसत नाही. तो निःसंशय जड आहे आणि निःसंशय रचनाबद्धही आहे. त्याला कोणी योजले नाही, हे अज्ञानातून आलेले विधानही नाही. त्याच्या घडणीची पायरी न् पायरी तापमानासह सांगता येते आणि कॉर्नफ्लोअरमध्ये पुन्हा करून दाखवता येते. ‘दगडात अशी क्षमता दिसत नाही’ या विधानाला शिबल्याचे शिवार हे थेट प्रतिउदाहरण आहे.

तरीही शंकराचार्यांची भूमिका इथे संपत नाही. त्यांचा रचनेचा मुद्दा मुख्यतः सांख्यांचे अनुमान अपुरे आहे हे दाखवण्यासाठी आहे. ब्रह्माचे ज्ञान केवळ अनुमानाने होते असे त्यांनी कधी म्हटले नाही. त्यासाठी त्यांचे प्रमाण श्रुती आहे. रामानुजाचार्य तर याबाबतीत अधिक परखड आहेत. ‘श्रीभाष्या’त त्यांनी नैयायिकांच्या कर्तृत्वानुमानावर कठोर टीका केली आहे. पृथ्वी, पर्वत ही कार्ये आहेत एवढ्यावरून ती एकाच वेळी, एकाच कर्त्याने केली असे सिद्ध होत नाही; कर्ते अनेकही असू शकतील; शिवाय पाहण्यात येणारा प्रत्येक कर्ता देहधारी असतो. अनेक कर्त्यांचा हाच आक्षेप पुढे १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड ह्यूमच्या संवादग्रंथातही येतो. ह्यूम संशयवादी होता. रामानुज हे विष्णुभक्तीचे थोर आचार्य. ईश्वरावर ज्यांची निष्ठा अढळ आहे त्यांनीच रचनेवरून ईश्वर सिद्ध करण्याची वाट बंद केली, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. रचनेचे कारण उलगडले की धर्माचा पाया डळमळतो, ही भीती या आचार्यांना नव्हती.

प्रयोजनाचा प्रश्न

रचनेवरून कर्ता सिद्ध होत नसेल तर उपयोगावरून होईल, असे पुढचे पाऊल टाकले जाते. बेसाल्टची झीज होऊन काळी माती झाली. ती ओल धरून ठेवते. तिच्यात कापूस पिकतो. तेव्हा हे सारे माणसासाठीच योजले होते. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा विचार मनाला सहज पटतो. जमिनीला काळी आई म्हणणाऱ्या भाषेत कृतज्ञतेची ही भावना खोल मुरलेली आहे, आणि तिचा मान राखलाच पाहिजे.

परंतु प्रयोजनाचा दावा करायचा तर सगळा हिशेब मांडावा लागतो. दख्खनच्या लाव्हाबरोबर प्रचंड प्रमाणात वायू हवेत गेले. त्याच कालखंडात डायनोसॉरसह असंख्य जीवजाती नष्ट झाल्या. त्यात उल्काघाताचा वाटा मोठा आणि या उद्रेकांचा किती, याचा अभ्यास चालू आहे. जी माती ओल धरते तीच अवर्षणात तडकून मुळे तोडते. खोल काळ्या जमिनीच्या शेजारीच टेकड्यांवर पातळ बरड जमीन आहे. आणि याच मातीत कोरडवाहू कापूस करणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव गेली कित्येक वर्षे देशभर दुःखाने घेतले जाते. काळी माती दान असेल तर या हिशेबाचे काय, हा प्रश्न टाळून प्रयोजन सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

हा प्रश्न सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी विचारला होता. वेदाला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या या मीमांसकाने जगाचा निर्माता मात्र मानला नाही. करुणेने सृष्टी केली म्हणावे तर सृष्टीपूर्वी करुणा करायला कोणी जीव नव्हता. आणि करुणाच हेतू असता तर केवळ सुखाची सृष्टी झाली असती, असा त्यांचा आक्षेप. नैयायिकांनी यावर जीवांच्या कर्माचे, अदृष्टाचे उत्तर दिले. ईश्वर कर्मानुसार फळ देतो. पण त्या उत्तराने शेतकऱ्याच्या घरातले दुःख त्याच्याच माथी मारले जाण्याचा धोका असतो, आणि त्यामागची बाजार, कर्ज, पाणी ही तपासता येणारी कारणे नजरेआड होतात. ब्रह्मसूत्रांनी सृष्टीला ‘लीला’ म्हटले, म्हणजे पूर्णकाम ईश्वराला सृष्टीतून काही मिळवायचे नाही असे सांगितले. यातून निदान एक गोष्ट निश्चित होते. वेदान्तातही जग माणसाच्या सोयीसाठी मांडलेले दुकान नाही.

नियमाच्या पलीकडे

खांब थंडाव्याने झाले हे कळले, तरी एक प्रश्न उरतो. वस्तू निवताना आकसावी, ताण कमीत कमी तड्यांत मोकळा व्हावा, आणि हे नियम लाव्हाला, काळ्या मातीला आणि कॉर्नफ्लोअरला सारखेच लागू व्हावेत, हे असे का आहे? एका नियमाचे कारण दुसऱ्या अधिक व्यापक नियमात दाखवता येते, आणि भौतिकशास्त्र ते दाखवत आले आहे. पण नियम मुळात आहेतच का, हा प्रश्न त्या साखळीतल्या कोणत्याही कडीने सुटत नाही.

इथे ईश्वराचे नाव घेणाऱ्याला विज्ञान अडवत नाही. मात्र हा ईश्वर खांब घडवणारा मोठा पाथरवट राहत नाही. तो कारणांच्या साखळीतली एक कडी नव्हे. साखळी ज्याच्या आधाराने आहे असे तत्त्व म्हणून त्याचे नाव घेतले जाते. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ या बाबतीत वेगळीच दिशा दाखवतो. तिथे चैतन्य आणि जड अशी दोन दले उरतच नाहीत; विश्व हा चैतन्याचाच विलास आहे. भक्तीचे अद्वैत सांगताना ज्ञानेश्वर कोरीव लेण्याची उपमा घेतात, ज्यात देव, मंदिर आणि भक्त सगळे एकाच डोंगराचे असतात. दगड विरुद्ध पाथरवट ही मांडणीच तिथे विरघळते. हे अनुमान नव्हे, अनुभवाचे कथन आहे. त्याला खांबांच्या पुराव्याची गरज लागत नाही आणि थंडाव्याच्या नियमाने त्याला धक्काही बसत नाही.

स्वयंभू

लोकधर्माने या वादाचा एक निकाल आपल्या परीने कधीच लावून ठेवला आहे. मराठी मुलखात बांधावर, पांदणीच्या तोंडाशी, गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला अनघड दगड देव म्हणून पुजला जातो. अशा मुखवटाहीन किंवा जेमतेम रूप असलेल्या पाषाणाला ‘तांदळा’ म्हणतात. पैनगंगेपलीकडे माहूरगडावर रेणुकेचे रूप तांदळ्याचेच आहे. ज्या मूर्तीला मूर्तिकार नाही तिला ‘स्वयंभू’ म्हणतात आणि तिचा मान घडीव मूर्तीहून जास्त मानतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल हा स्तंभाकार बेसाल्टचा सुमारे साठ मीटर उंच कडा आहे. त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे.

‘स्वयंभू’ या शब्दात एक गहन विचार आहे. उदयनाचार्यांच्या युक्तिवादात वस्तूला कर्ता आहे म्हणून ती ईश्वराकडे बोट दाखवते. शेंदूर लावणाऱ्या हाताला दगडात देव दिसतो तो त्याला कोणी घडवले नाही म्हणून. एकाच श्रद्धेच्या या दोन उलट वाटा आहेत. दुसरीला खांबांची भूशास्त्रीय कहाणी मुळीच अडचणीची नाही. टाकी लागली नाही हे भूशास्त्रच तर सांगते. मात्र स्वयंभू म्हणजे कारणाशिवाय झालेले, असा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. खांबांना कारण आहे, क्रम आहे, काळ आहे. नाही तो फक्त योजणारा हात.

तेव्हा शिबल्याच्या पाषाणावरून तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. जड द्रव्यात, ठराविक मर्यादेत, आपोआप रचना उभी राहते. म्हणून नुसत्या रचनेवरून कर्त्याचे अनुमान टिकत नाही. ते टिकत नाही म्हणून ईश्वर नाही, असेही सिद्ध होत नाही. कारण थोर आस्तिक आचार्यांनी आपली श्रद्धा त्या अनुमानावर उभी केलीच नव्हती. आणि कारण समजल्याने आश्चर्य कमी होत नाही. ते कोण्या अज्ञात कारागिरावरून निघून निवणाऱ्या खडकाच्या नियमावर येऊन बसते.

या विचाराचा पुरावा शिवारात उघडा पडला आहे, आणि बेसाल्ट हा गिट्टीसाठी सर्वांत मागणी असलेला दगड आहे. खांब एकदा फुटले की त्यांच्या बाजूंवरचे पट्टे आणि कोनांची जुळणी पुन्हा मिळत नाही. ते जागच्या जागी राखले तर भूगोलाचा शिक्षक आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी या दोघांनाही तिथे उभे राहून शिकता येईल, आणि ज्याला तिथे हात जोडावेसे वाटतील त्यालाही जोडता येतील.